सतरा नंबरचं स्थळ

"हे मॉडेल ज्याने कुणी बसवलंय ना, त्याला तेलाची विहीर आणि बंबाची नळी यातला फरक कळत नसणार," इनास फोनवर मैत्रिणीला म्हणाली. समोर बसलेल्या माणसाने मसुराच्या सुपातला चमचा बाहेर काढला आणि अलगद बशीत ठेवला.

रास घारिबच्या तेल कंपनीच्या कॅम्पातली मेस जवळजवळ रिकामी झाली होती. समुद्राकडच्या काचा वाऱ्याने थरथरत होत्या. कैरोहून सकाळीच कंपनीच्या बसने आलेल्या इनासच्या दाताखाली अजून वाळू कचकचत होती, आणि त्यामुळे जीभ जरा जास्तच सुटली होती. अख्ख्या प्लॅटफॉर्मच्या विहिरी हाजीवर चालवल्यात, ती सांगत होती. म्हातारं सूत्र, माझ्या आजोबांच्या वरातीत नाचलेलं...

फोन संपला. मग समोरच्या माणसाने लिंबाची फोड तिच्याकडे सरकवली.

"पिळा. हे सूप लिंबाशिवाय घशाखाली उतरत नाही."

"थँक्यू."

"आणि तो बंबवाला मीच."

इनासची कानशिलं तापली. छातीवरच्या बिल्ल्यावर त्याचं नाव होतं – हातेम. प्लॅटफॉर्मच्या उत्पादनाचा इंजिनिअर. ज्याच्याबरोबर पुढचे काही आठवडे एका केबिनमध्ये बसून काम करायचं होतं, तोच. 'माफ करा' हे दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले... आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"लिंबू – ताजं आहे."

तो हसला नाही. पण ओठाचा डावा कोपरा किंचित वर गेला, आणि तेवढं पुरलं. त्या दुपारी ती सूप अर्धवट टाकून उठली.

विहिरीतून वर येताना तेल, पाणी आणि वायू एकाच नळीतून येतात, पण एका चालीने येत नाहीत. कधी वायू बारीक बुडबुड्यांनी तेलाच्या अंगाखांद्यावर खेळत येतो. कधी मोठमोठे गोळे होऊन सगळ्यांना ढकलत आणतो. आणि कधी तेलापाण्याला मागे टाकून एकटाच वर पळतो. मग ती दोघं घसरत घसरत खाली साचतात आणि विहीर गुदमरते. नळीत डोकावून हे बघता येत नाही. म्हणून कागदावर चाल मांडायची, म्हणजे मॉडेल निवडायचं, आणि वर मोजलेल्या आकड्यांशी ते जुळतंय का ते बघायचं.

कंपनीतल्या पोरांनी या मॉडेलांना नावं ठेवली होती. हाजी म्हणजे सर्वांत जुनं; सरळसोट उभ्या विहिरीत बरं चालायचं आणि थोरामोठ्यांचा त्याच्यावर जीव. पाशा म्हणजे नवं. नळीतल्या प्रत्येक चालीचा वेगळा हिशेब करणारं, पण त्याच्या हाताखाली माहिती भरता भरता माणूस मेटाकुटीला यायचा. आणि तिसरी होती खातबा. गल्लीतली लग्न जुळवणारी बाई. तिला दोन स्क्रू होते, आणि ते पिळले की कुठलीही विहीर कुठल्याही आकड्यांशी जुळून यायची.

इनास आली होती ती हाजीला घरी बसवायला.

केबिन म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात दोन टेबलं, एक खिडकी. वारा आला की डबा कण्हायचा. हातेमने पहिल्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट दुपारी संत्रं सोलून त्यातलं अर्धं तो तिच्या टेबलावर ठेवून जायचा. तिने एकदा विचारलं, अर्धंच का? तर म्हणाला, अख्खं दिलं तर उद्या काय निमित्ताने येऊ?

"एकाच खोलीत बसतो आपण. निमित्त कशाला लागतं?"

"तुझ्या टेबलापर्यंत यायला लागतं."

तो 'तू' कधी म्हणायला लागला ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ती मात्र 'तुम्ही'वरच राहिली.

इनासला माणसं न्याहाळायची सवय होती. कोण जेवलं, कोण नाही, कुणाचा खोकला दोन दिवस झाले तरी हटत नाही, हे तिला न विचारता दिसायचं. तिने पाहिलं की हातेम सगळे कामगार जेवल्यावर ताट घेतो. बोटीत चढताना प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा तो स्वतः ओढून बघतो, आणि ओढताना काहीतरी थट्टा करतो, म्हणजे समोरच्याला ते तपासणं वाटू नये. एके दिवशी त्याने तिचाही पट्टा ओढला. नुसताच ओढला, थट्टा काही सुचली नाही त्याला. बोट हलली तेव्हा दोघंही दोन वेगळ्या दिशांना समुद्र बघत होते.

खरं तर हे सगळं गोड वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण त्याच्या प्रत्येक चांगुलपणाबरोबर मेसमधली ती दुपार तिला पुन्हा आठवायची. माफी मागायची वेळ निघून गेली होती. आता मागितली असती तर हसं झालं असतं. मग तिने मनाशी ठरवलं, काम असं चोख करायचं की आपण तेव्हा बोललो ते निदान खरं तरी ठरेल. लाज वाटणाऱ्या माणसाला असले उपाय सुचतात.

आणि सतरा नंबर नेमकी अडून बसली होती.

बाकीच्या विहिरी पटापट जुळल्या. सतरा नंबरचं उत्पादन मात्र वर्षभर घटत चाललं होतं. तिची फाइल इनासने शेजारच्या सोळा नंबरची नक्कल करून, वरचे आकडे बदलून बनवली होती, आणि कुठलंच मॉडेल तिच्या आकड्यांच्या जवळ जाईना. पाशा तर सरळ हात वर करत होता. शुक्री साहेबांचे – म्हणजे कैरोतल्या मआदीच्या मुख्य ऑफिसातल्या वरिष्ठांचे – दिवसाआड फोन येत होते. शेवटी इनासने विहीर खातबाच्या हवाली केली. एक स्क्रू तिने फिरवला, मग अजून फिरवला. तो जागचा जरासा हलवलेला चालतो. तिने तो जवळजवळ निम्म्यावर नेला. तेव्हा मनात काहीतरी टोचलं. पण पडद्यावरची रेघ मोजलेल्या प्रत्येक टिंबावरून अशी नाजूक गेली होती की ते टोचणं तिने तसंच दाबून टाकलं.

"जुळलं?" हातेम तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता.

"टिंबावर टिंब."

"मब्रूक, अभिनंदन. स्क्रू किती पिळलास?"

"सतरा नंबर विचित्र आहे, हे तुम्हीच म्हणता ना."

"म्हणतो. म्हणून तर विचारतोय." तो टेबलाला टेकला. "माझ्या आत्यासाठी खातबा स्थळ घेऊन आली होती. म्हणाली, मुलगा डॉक्टर आहे. लग्नात कळलं, गाढवांचा."

एरवी ती खळखळून हसली असती. पण त्या क्षणी तिला वाटलं, तो पहिल्या दिवसाचा वचपा काढतोय. वाटलं म्हणजे – तसं नाही हे तिला आतून पक्कं माहीत होतं. तरी ती म्हणाली,

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही, असं सरळ म्हणा ना."

बाहेर वाऱ्याने कसलंसं पिंप गडगडत नेलं.

"आहे," तो हळूच म्हणाला. "नाही विचारत."

आणि त्याने खरंच पुन्हा विचारलं नाही. जीव लावलेल्या माणसाचं तोंड बंद करायला एवढं पुरतं, हे इनासला तेव्हाच कळलं होतं. कळूनही तिने ते होऊ दिलं.

मॉडेल सांगत होतं की सतरा नंबरची आतली नळी अरुंद आहे. ती काढून रुंद घातली की विहीर पुन्हा उभारी धरेल. मोठा खर्च, मोठं काम, नळ्या उपसणारी रिग आणावी लागणार. मआदीला जाऊन समितीपुढे हातेमने ते मांडलं, कारण विहीर त्याच्या ताब्यातली आणि सही त्याची. इनास केबिनमधून पडद्यावर बघत होती. शुक्रींनी विचारलं, हे तपासलं कुणी?

"मी," हातेम म्हणाला.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला... आणि त्या काट्यात सुखही होतं, हेच वाईट.

तो परत आला त्या संध्याकाळी दोघं किनाऱ्यावरून चालत होती. वारा इतका की बोललेलं तोंडातून उडून जायचं. हातेम बराच वेळ खिशात हात घालून चालला, मग थांबला आणि म्हणाला की आई शुक्रवारी कैरोला येतेय, तुमच्या घरी येईन म्हणते, बरोबर काका आहेत. केक कुठल्या चवीचा आणायचा, तेवढंच विचारायचं होतं.

इनासने ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"चॉकलेटचा नको. मामाला साखरेचा त्रास आहे."

"म्हणजे – हो?"

"म्हणजे... फळांचा आणा."

सतरा नंबरवर रिग रविवारी चढणार होती. पाहुणे शुक्रवारी येणार होते.

शुक्रवारची नमाज झाली आणि कैरोतल्या शुब्रा भागातल्या एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, इनासच्या आईची एकच धांदल उडाली. ग्लास पुसून झाले, सरबत गाळून झालं, आणि तेव्हा लक्षात आलं की चहात घालायला पुदिना नाही. गल्लीतून भाजीवाला ओरडत चाललाच होता. आईने बाल्कनीतली टोपली इनासच्या हातात दिली. दोरीला बांधलेली ही टोपली रोज खाली जायची. दोरी अगदी बेताची, जमिनीला टेकेल एवढीच.

पण आज खाली कुणाची तरी गाडी उभी होती, त्यामुळे भाजीवाल्याने हातगाडी पलीकडच्या कडेला लावली होती. त्याने टोपली धरून स्वतःकडे ओढली. इनासने दोरी सोडत सोडत नेली आणि ती संपली. टोपली हातगाडीच्या वर, अधांतरी.

"आज काय आखडली की काय ही?" आई म्हणाली. "रोज तर पुरते."

"तेवढीच आहे गं. तो तिकडे ओढतोय, तिरकी जातेय म्हणून खाली..."

इनास बोलता बोलता थांबली. दोरी तिच्या हातात ताणलेली होती. तेवढीच दोरी. पण खोली तेवढी नाही.

सतरा नंबर समुद्राच्या तळाखाली तिरकी जाते. सोळा नंबर सरळ उभी आहे.

आईने दोरी तिच्या हातातून काढून घेतली तेव्हाच तिला भान आलं. ती स्वयंपाकघरात गेली, स्टुलावर बसली, ग्लासांचा ट्रे सरकवून लॅपटॉप उघडला. विहिरीच्या फाइलमध्ये दोन रकाने असतात. एकात नळीची लांबी, दुसऱ्यात खरी खोली. सोळा नंबरच्या नकलेत दोन्ही एकच होते, कारण तिथे ते एकच असतात. तिने सतरा नंबरच्या नळीची लांबी भरली होती आणि लांबीलाच खोली करून टाकलं होतं. त्यामुळे विहीर होती त्यापेक्षा खोल ठरली आणि आतलं तेलपाणी होतं त्यापेक्षा जड. म्हणून काहीच जुळेना. आणि म्हणून तिने स्क्रू पिळून त्या पाण्याचं वजन कागदावर चोरलं होतं.

तिने हातेमची जुनी फाइल शोधून काढली, ती हाजीवाली. मेसमध्ये जिला हसली ती फाइल तिने पूर्ण उघडून कधी पाहिलीच नव्हती. दोन्ही रकाने भरलेले होते. नीट, शेवटपर्यंत.

खरी खोली घातली, स्क्रू जागेवर नेला. रेघ आपणहून टिंबांजवळ येऊन बसली. पाशाही आता तेच सांगत होता. मग तिने रुंद नळी घालून पाहिली... आणि रेघ खाली कोसळली. रुंद नळीत वायू ऐसपैस निसटून जाणार, तेलपाणी मागे साचणार. घटत का होईना, जिवंत असलेली विहीर रविवारनंतर मरणार होती.

दाराची बेल वाजली.

हातेमने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो त्याला गळ्याशी टोचत होता, हे तिला ट्रे घेऊन आत येताच दिसलं. त्याची आई, हाज्जा कवसर, ऐसपैस, हसऱ्या बाई. त्यांनी इनासला जवळ बसवून घेतलं, तिच्या हातावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आमचा हातेम सख्ख्या भावाच्या बाजारहाटाचासुद्धा हिशेब मागतो, पण या पोरीच्या कामावर त्याने डोळे झाकून सही केली. तेव्हाच मी ओळखलं, म्हणाल्या.

सगळे हसले. हातेम लाजला. इनासचीही मान खाली गेली, आणि बायकांना वाटलं मुलगी लाजतेय. लाजणं वेगळं आणि लाज वाटणं वेगळं. पण खाली घातलेली मान दोन्हीकडे सारखीच दिसते.

मामाने घसा साफ केला. दोन्ही घरच्यांनी तळवे पसरून कुराणातली फातिहा वाचली की सोयरीक ठरली. बाहेर जिन्यात शेजारणींनी दारं किलकिली करून ठेवली होती. आतून खूण मिळाली की लगेच जिभा नाचवून आनंदाची ललकारी द्यायची म्हणून. मामाचे तळवे वर उचलले गेले.

"मामा, एक मिनिट," इनास म्हणाली. "मला यांच्याशी बोलायचंय."

आईने तिच्याकडे असं पाहिलं की ट्रे तिच्या हातात असता तर खाली पडला असता. हातेम मात्र उठला आणि तिच्यामागे बाल्कनीत गेला. तिथे पुदिन्याची टोपली तशीच पडली होती.

"सतरा नंबर चुकलंय," तिने सांगितलं.

त्याला आधी थट्टा वाटली. म्हणाला, आतमध्ये माझे काका तळवे वर करून बसलेत आणि तुला विहीर आठवते? मग त्याने तिचा चेहरा पाहिला. तिने सगळं सांगितलं – सोळाची नक्कल, रकाना, स्क्रू, रुंद नळी. सांगताना तिने रेलिंगवरच्या गंजाचा एक पोपडा नखाने काढला, आणि मग दुसरा.

"तुम्ही विचारलं होतंत, किती पिळला म्हणून."

"विचारलं होतं."

"आणि मी विश्वासाचं नाव काढलं. मला माहीत होतं, मग तुम्ही पुढे विचारणार नाही."

हातेमने पायाशी पडलेली टोपली बाजूला सरकवली.

"चूक कुणाचीही होते," तो म्हणाला. "पण मला गप्प करायला तुम्ही – ते वापरलंत."

'तुम्ही'. तिला ते सुईसारखं टोचलं. ती 'हो' म्हणाली. त्याच्यावर दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच.

"मीही काही कमी नाही. समितीत 'मी तपासलं' म्हणालो. धडधडीत खोटं. आणि खोटं बोलताना मला वाटत होतं, बघा, मी तिच्यासाठी काय काय करतो." त्याने कॉलरचं बटण काढलं. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "ऐका. उद्या मी शुक्रींना कळवतो की फिल्डवरून नवे आकडे आलेत, म्हणून रिग थांबवा. तुमचं नाव कुठे येणार नाही. माझंही नाही. आत जाऊ, फातिहा वाचू. कुणाला काही कळायचं नाही."

सगळं त्यात होतं. विहीर वाचत होती. आईची मान ताठ राहत होती, शेजारणींची ललकारी होत होती, आणि हा माणूस तिचा होत होता. इनासला ते फार हवंसं वाटलं.

"नको," ती शेवटी म्हणाली. "पुन्हा तेच होईल. तुम्ही झाकणार, मी झाकू देणार... फोन मी करते."

शुक्री साहेब जेवायला बसले होते. ते ओरडतील अशी तिची तयारी होती. ते ओरडले नाहीत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. त्यांनी खात्री आहे का एवढंच विचारलं. ती म्हणाली, या वेळी तपासलंय. मग फोनमध्ये फक्त चमच्यांचा आवाज. रिग मी थांबवतो, ते म्हणाले, पण रविवारी तुम्ही दोघांनी समितीपुढे यायचं आणि हे आपल्या तोंडाने सांगायचं. कुणाची लाज मी माझ्या डोक्यावर वाहणार नाही.

हातेम आत गेला. फातिहा आज नको, असं तो उभ्या उभ्याच म्हणाला. कामात एक चूक झालीय, ती आम्हा दोघांना निस्तरायचीय, आधी ते. काकांनी तळवे मांडीवर ठेवले. हाज्जा कवसर यांनी इनासच्या हातावर ठेवलेला हात आता स्वतःच्या पर्सवर होता. मुलीत काही खोट आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. पण खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

केकच्या खोक्याची रिबन सुटली नव्हती. पाहुणे जिना उतरून गेले तेव्हा मजल्यामजल्यावरची किलकिली दारं एकेक करत हळूच बंद झाली. आईने सरबताचे भरलेले ग्लास परत जगमध्ये ओतले, एकेक, न सांडता. इनास स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघत राहिली. आई रागावली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मआदीच्या ऑफिसात, लांब टेबलाच्या टोकाशी ती उभी राहिली. कागद समोर होता, पण तिने तो वाचला नाही. सोळा नंबरच्या फाइलची नक्कल केली, असं ती म्हणाली, खोलीच्या जागी लांबी राहिली, आणि ते जुळेना तेव्हा कारण शोधायचं सोडून मी स्क्रू पिळला. मागून कुणीतरी खुसखुसलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात हे, असं कुणीतरी पुटपुटलं. तिने तिकडे वळून सांगितलं की हो, मलाही तिथेच शिकवलं होतं.

ती बसली आणि हातेम उभा राहिला.

"तपासलं म्हणून मी सांगितलं होतं. तपासलं नव्हतं. विचारावंसं वाटलं होतं, तरी विचारलं नाही."

का नाही विचारलं, हे शुक्रींनी विचारलं. हातेम खाली बसला. टेबलाभोवती दोन-तीन जणांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि इनासला वाटलं, ही फरशी दुभंगेल तर बरं.

निकाल लगेच लागला. सतरा नंबरची नळी आहे तीच राहणार. रिग दुसऱ्या विहिरीवर. इनासने केलेली सगळी मॉडेलं दुसऱ्याच्या हाताखालून जाणार आणि तोवर तिने फिल्डवर पाऊल ठेवायचं नाही. हातेमच्या सहीला वर्षअखेरपर्यंत किंमत नाही. शुक्रींनी चष्मा पुसला आणि पुढच्या विषयाकडे वळले. एवढंच.

फाटकाबाहेर गुलमोहरांची रांग होती, फुलांचे दिवस सरलेले. हातेम एका बुंध्याला टेकून उभा होता. ती दिसल्यावर तो सरळ झाला, पण पुढे आला नाही.

"हाज्जा..." तिने सुरुवात केली.

"आई म्हणते, ज्या घरातून फातिहा न वाचता उठलो, तिथे पुन्हा पाय ठेवायचा नाही. तिला वेळ लागेल." मग थोडं थांबून, "मलाही लागेल."

इनासने मान हलवली. रस्त्यावरून एक बस गेली आणि दोघांच्या मधून धूळ फिरली. जाऊ का, असं तिने मनात म्हटलं. ती तिथेच थांबली.

"मला लाज वाटते," ती म्हणाली. "चुकलं त्याची वाटतेच. पण त्याहून... तुम्ही डोळे झाकून हो म्हणालात, आणि मला ते आवडलं, त्याची जास्त वाटते. माझ्या घरात कुणी माझ्यावर असे डोळे झाकू नयेत. विशेषतः तुम्ही."

"मग काय करू? नाही म्हणत जाऊ?"

"अधूनमधून. मी रुसून बसले की तर नक्कीच."

त्याच्या ओठाचा डावा कोपरा हलला. पण तो हसू आलं म्हणून की दुखलं म्हणून, हे इतकं न्याहाळणाऱ्या इनासलाही ओळखता आलं नाही.

"आणि मला तुम्ही आवडता," ती एका दमात म्हणून गेली. "हे कधी सांगितलं नव्हतं मी. केकचं बोलले होते फक्त."

हातेम तिच्याकडे बघत राहिला, जसा कोणी अवघड विहिरीकडे बघतो – घाई न करता. तिला ती नजर सोसवेना. ज्याला वेळ हवाय त्याला वेळ द्यावा, उभं राहून भीक मागितल्यासारखं करू नये, असं तिने स्वतःला बजावलं. पर्स खांद्यावर घेतली, रस्त्याच्या कडेला गेली आणि हात वर केला.

"मी टॅक्सीने जाते," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही निघा."

"नाही," हातेम म्हणाला.

ती वळली. पांढरी टॅक्सी करकचून तिच्या पुढ्यात थांबली होती. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, काय बाई, येताय की नाही?

हातेम पुढे आला. ड्रायव्हरलाही त्याने नाहीच म्हटलं.